यायचे आहेत

१

अमृताला वाटलं होतं, आत्याचं घर अंधारलेलं असेल. ओढलेले पडदे, भिंतीवर आतोबांचा फोटो, त्याला चंदनाचा हार, आणि भांड्यातलं पाणी हललं तरी दचकणारी आत्या. साउदॅम्प्टनला कायदा शिकताना तिने अशा माणसांच्या हकिगती ढिगाने वाचल्या होत्या. जहाजाच्या अपघातातून वाचलेला प्रवासी घरी परततो तो अर्धाच. नळ सोडायला घाबरतो, लिफ्टमध्ये शिरत नाही, दार लावून झोपू शकत नाही. विमानात तिने सांत्वनाची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. मराठीत जुळवायची म्हणून वेळ लागला. शाळा उटीच्या वसतिगृहात, पुढचं सगळं विलायतेत, मराठी काय ती सुट्टीपुरती.

प्रत्यक्षात हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. आत लसणाच्या फोडणीचा वास दरवळत होता. आत्या ओट्यापाशी उभी राहून काहीतरी गुणगुणत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. भिंतीवर फोटो नव्हता. जिथे असायला हवा होता तिथे आतोबांचा जुना जगाचा नकाशा होता, समुद्र निळे आणि कडा पिवळ्या पडलेला.

"आलीस? चाय टाकू की कॉफी?" आत्या म्हणाली, जणू अमृता आबिड्सला जाऊन परतली होती.

जुळवलेली वाक्यं अमृताच्या तोंडातच राहिली. ती चहाचा कप घेऊन गॅलरीत गेली. खाली बसस्टँडकडे जाणाऱ्या बसगाड्यांचा खडखडाट चालला होता. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधलेली, आणि दोरीवर टॉवेल. नवे, जुने, पंचे, लहान मुलाला पुसायचा एक पिवळा रुमालही. सगळे ओले. एकट्या बाईच्या घरात एवढे टॉवेल कशाला, असा प्रश्न तिला पडला आणि लगेच उत्तरही सापडलं. स्वच्छतेचं वेड. धक्क्यानंतर जडतं. पुस्तकात होतं.

तरी तिने विचारलंच. आत्याने पोळी उलटवत सांगितलं, "येणारे असतात की."

२

घडलं होतं ते असं. सत्यवतीआत्या आणि एकनाथराव गेल्या वर्षी संक्रांतीनंतर निवृत्त मंडळींच्या एका सहलीबरोबर क्रूझला गेले होते. एकनाथरावांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, छडीच्या टोकाने मुलांना महासागर दाखवले, पण स्वतः कधी समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी धुक्यात जहाजाला एक मालवाहू जहाज धडकलं. वरच्या मजल्यांवरचे बहुतेक वाचले. सगळ्यात खालच्या बोळातले, ज्यांच्या खोल्यांना खिडक्याच नव्हत्या, ते राहिले. राहिले, कारण कर्ण्यावरून सांगण्यात आलं होतं की आपापल्या खोलीत थांबा, दार लावून घ्या, बाहेर येऊ नका. ती शहाणी, आज्ञाधारक माणसं. थांबली.

जहाजाची कंपनी आता म्हणत होती की अशी सूचना दिलीच नव्हती. आणि त्या बोळातून जिवंत बाहेर आलेली एकच व्यक्ती होती. आत्या.

म्हणून अमृता परत आली होती. तिला विलायतेत नोकरी मिळत होती, ती तिने घेतली नाही. त्या बोळातल्या माणसांसाठी कुणीतरी बोललं पाहिजे, हे तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की बाकी काही दिसतच नव्हतं. चौकशी शुक्रवारी सकाळी व्हायची होती, लॅपटॉपवरून. आत्याने ऐकलं ते सांगायचं, एवढंच.

आत्या सांगायला तयार होती. सूचना शब्दन्‌शब्द तिच्या लक्षात होती. ती सांगणाऱ्याचा खोकलासुद्धा. अडलं ते पहिल्याच वाक्यावर. जबानीची सुरुवात अशी करायची होती: माझे पती एकनाथ केशव बिलोलीकर हे त्या अपघातात मरण पावले.

"नाव घ्यायचं तर उखाण्यात घेईन," आत्या हसून म्हणाली. "पण ते पुढचं नक्को."

"आत्या, कायद्याला तो शब्द लागतो."

"कायद्याला लागत असेल. हे 'येतो' म्हणालेत."

मग तिने सांगितलं. जहाज एका अंगावर कललं तेव्हा एकनाथरावांनी कर्ण्याला न जुमानता तिला हाताला धरून खोलीबाहेर काढलं, जिन्यापर्यंत आणून सोडलं आणि मागे वळले. बोळातली सगळी दारं बंद होती. एकेक दार ठोठावून माणसं बाहेर काढायला ते निघाले. निघताना म्हणाले, "येतो."

"आणि तू?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, या."

अमृताने ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. उठताना तिने पर्स खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "चल, जाते मी."

आत्याचा हात हवेतच थांबला. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. "जाते म्हणू नये गं, अमू. तुला कुणी शिकवलंच नाही का? येते म्हण."

"येते," अमृता म्हणाली. लहान मुलीसारखं ओशाळून.

"ये," आत्या म्हणाली, आणि पुन्हा हसली.

बर्कतपुऱ्याच्या घरी तिचे वडील भगवंतराव वाट पाहत होते. दिवाणी कोर्टात उभी हयात घालवलेला माणूस. बहिणीवर जीव, पण जीभ वकिलाची. ते म्हणाले, बॅरिस्टरीणबाई, साक्षीदार गोड आहे, पण तो एक शब्द निघाला नाही तर तुमचा दावा पाय मोडक्या खुर्चीसारखा आहे. बसायला जाल आणि आपटाल. मग म्हणाले, "एकनाथ शेवटच्या पंगतीला बसणारा माणूस. कुणाचंही लग्न असो. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय घास नाही घेतला त्याने." आणि चष्मा पुसत बसले.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यातच सरोजकाकूंनी तिला गाठलं. त्या आत्याच्या बरोबर खाली राहायच्या. त्यांच्या बैठकीच्या छताला ओल आली होती. प्लंबर आणला, त्याने वरच्या घरात जाऊन सगळं तपासलं आणि सांगितलं, पाइपां तो सुक्के हैं अम्मा. "मग पाणी कुठनं येतं गं? मी काय आकाशाखाली राहते?" आणि आवाज खाली आणून: "तुझ्या आत्याकडे संध्याकाळी फार माणसं येतात. भजन-बिजन करत असतील तर मलाही सांगा म्हणावं. मी काय परकी आहे?"

अमृताने विचारलं, कोण माणसं. काकूंना ते सांगता येईना. त्यांनी कधी कुणाला पाहिलं नव्हतं. फक्त पावलं. अनवाणी. "वर चढतात ती ऐकू येतात. उतरताना नाही." आणि त्या स्वतःच बावचळून म्हणाल्या की जाऊ दे, टीव्ही चालू असतो, नीट कळत नाही.

वर आत्या पाट मांडून लिंबं चिरत होती. लोणच्याचे दिवस नव्हते; सरबत करायचं होतं, पुष्कळ. अमृताही तिच्याजवळ बसली. हातातून एक लिंबू सुटलं, फरशीवर पडलं आणि घरंगळत गॅलरीच्या दिशेने गेलं. ती उठून घेऊन आली. दुसरं तिने मुद्दाम ठेवलं. तेही हळूहळू, जणू आठवून आठवून, त्याच वाटेने गेलं. जुनी इमारत, तिने स्वतःला सांगितलं. पाया खचला असेल. इंजिनिअरला बोलवायला हवं.

मग तिचं लक्ष पाटावरच्या काचेच्या ग्लासाकडे गेलं. पाट सपाट होता, ग्लास सरळ उभा होता. आतलं पाणी तिरकं होतं. एका बाजूला काठाजवळ, दुसऱ्या बाजूला बोटभर खाली, आणि तसंच स्थिर, काचेत गोठल्यासारखं.

अमृताने डोळे मिटले, उघडले. पाणी तसंच. पण जर घरच कललं असेल, तर पाणी सपाट असणार आणि ग्लास तिरका. पाणी कधी चुकत नाही. म्हणजे चुकत असतील ते आपले डोळे. प्रवासाचा शीण, वेळांचा घोळ. तिने ग्लास उचलला आणि पिऊन टाकला. पाणी खारट लागलं.

"बोअरचं आहे," आत्या म्हणाली, न पाहता. "सवय होईल."

बोअरचं! तिला एकदम हलकं वाटलं. ती गॅलरीत गेली. सकाळचे टॉवेल वाळून कडक झाले होते आणि त्यांच्यावर पांढरी, बारीक भुकटी होती. हेही बोअरमुळे. बोअरच्या पाण्याने बादल्यांना, नळांना, सगळ्यालाच पांढरं धरतं. हैदराबादेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिने बोट फिरवून जिभेला लावलं नाही. तेवढं मात्र तिला करवलं नाही.

घराच्या दाराशी खुंटीला एक कापडी पिशवी होती. उतरताना तिने सहज आत पाहिलं. घडी केलेलं पांढरं धोतर, सदरा, जास्तीचा चष्मा. आणि आत्याचं जाड स्वेटर, तिच्या चपलांचा नवा जोड.

४

गुरुवारी तिने ठरवलं की संध्याकाळीही आत्याकडेच राहायचं. सकाळी उठून जबानी द्यायची, तर रात्री जवळ असलेलं बरं, असं ती वडिलांना म्हणाली. खरं कारण तिने त्यांना सांगितलं नाही, स्वतःलाही सांगितलं नाही.

ऊन उतरलं तशी आत्याची लगबग सुरू झाली. तिने सतरंज्या अंथरल्या. टॉवेलांच्या घड्या दाराजवळच्या स्टुलावर एकावर एक रचल्या, पिवळा रुमाल सगळ्यात वर. सरबताचं पातेलं आणून ठेवलं, पातेल्याखाली ओलं फडकं. पेल्यांखालीही. "नाहीतर सरकतात," ती म्हणाली. देवापाशी दिवा लावला. दार होतं ते आणखी उघडलं आणि खाली विटेचा तुकडा सरकवला.

"कोण येणार आहे?" अमृताने विचारलं.

"बस इथे. बघू नको, नुसती बस."

ती आतल्या खोलीत कॉटवर बसली, मधला पडदा ओढलेला. बाहेर बसस्टँडचा गोंगाट होता, कंडक्टरांच्या आरोळ्या होत्या, आणि मग त्या हळूहळू दूर गेल्या. बंद झाल्या नाहीत; दूर गेल्या. जशी बोट किनाऱ्यापासून सुटली की किनाऱ्यावरची माणसं ओरडतच राहतात आणि ऐकू येत नाहीत. घर मंद झुललं. तिला आईच्या मांडीवर असल्यासारखी गुंगी आली. मग जिन्यात पावलं वाजली. ओली, अनवाणी, न घाईची. आली, दाराशी थांबली. टॉवेल झटकल्याचा आवाज. पुन्हा पावलं.

"या," आत्याचा आवाज. "बसा. दमलात."

कुणी उत्तर दिलं नाही. पेले हलले. कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या. लहान मूल झोपेत चोखतं तसा एक आवाज. अमृता स्वतःला सांगत होती, शेजारचे आहेत. भजनी मंडळ. पण भजन सुरू होत नव्हतं, आणि खोली भरल्याची ती जाणीव वाढतच होती. उबेची नव्हे, गारव्याची. पडद्याच्या खालच्या काठाला ओल चढत होती. उठून पडदा सारायला एक पाऊल पुरेसं होतं. तिने ते टाकलं नाही. मग केव्हातरी बसस्टँड परत जवळ आलं, एक बस कर्कश वाजत वळली, आणि खोली रिकामी असल्याचं तिला न पाहताच कळलं.

बाहेर आत्या ओल्या सतरंज्या गुंडाळत होती. पेले भरलेले होते तसेच होते. फक्त प्रत्येकातलं सरबत तिरकं.

"आतोबा आले होते?" अमृताच्या तोंडून गेलं. आपण असं काही विचारू शकतो यावर तिचा विश्वास बसेना.

आत्याने मान हलवली. "हे नाही आले अजून. बाकीचे येतात."

"बाकीचे?"

"मी 'या' म्हटलं ना." आत्या सतरंजीवर बसली. प्रथमच ती म्हातारी दिसली. "तुमच्या पिढीत नवऱ्याला 'ये' म्हणता. माझ्या जिभेला ते येणारच नाही. मी म्हटलं, या. हाताने बोलावलं, असं. ह्यांच्या मागे दारं उघडायला लागली होती. अंधारात माणसं उभी होती, गुंटूरचं ते जोडपं, लेकरू घेतलेली ती केरळची नर्स, जेवण वाढणारा तो परदेशी मुलगा. सगळ्यांनी ऐकलं. प्रत्येकाला वाटलं, मलाच बोलावलं. चुकीचं वाटलं का? 'या' म्हणजे काय, एकाला का सगळ्यांना, कुणी सांगावं?"

अमृता तिच्यासमोर बसली.

"हे सगळ्यांना पुढे घालून मागे राहिलेत. सवय आहे त्यांची. शेवटची पंगत." आत्याने पदराने सरबताचे ओघळ टिपले. "रोज थोडे नवे असतात. सगळे येऊन झाले की येतील. आले की मग मी मोकळी."

अमृताला खुंटीवरची पिशवी आठवली. स्वेटर. चपलांचा नवा जोड.

"आता तू सांग," आत्या म्हणाली. "मी उद्या म्हटलं की हे गेले, तर जिन्यात उभे आहेत त्यांनी काय समजायचं?"

५

पण अमृता शिकलेली होती, आणि आत्यावर तिचं प्रेम होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस धीट होतो. तिला वाटलं, हे थांबवलं नाही तर एक दिवस ही त्या पिशवीसकट कुठेतरी निघून जाईल. आणि उद्याची साक्ष गेली तर त्या बोळातली सगळी माणसं दुसऱ्यांदा बुडतील. आज आवाज झाले ते जुन्या इमारतीचे, ओल आली ती गळतीची, आणि उरलेलं आत्याच्या बोलण्याने आपल्या मनात शिरलं. एकदा दार बंद राहिलं आणि काही झालं नाही, की आत्याला आपोआप कळेल.

जेवणं झाली. आत्या पुन्हा टॉवेल रचायला लागली. आज दुसरी खेप आहे म्हणाली, उद्या चौकशी आहे म्हणून असेल. अजून शहर जागं होतं. खाली मिठाईच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. आत्या दिव्यात तेल घालायला देवापाशी वळली तेवढ्यात अमृताने विटेचा तुकडा पायाने सरकवला, दार लोटलं आणि वरची कडी घातली. कडी बसल्याचा खट आवाज झाला.

आत्या वळली. रागावली नाही, ओरडली नाही. "अगं," एवढंच म्हणाली.

बसस्टँड दूर गेलं. या वेळी एकदम, दोरी कापल्यासारखं. देवापाशीची ज्योत वाकली आणि वाकलेलीच राहिली. भिंतीवरचा नकाशा खिळ्यावर लटकून भिंतीपासून सुटा झाला, तरंगल्यासारखा.

जिन्यात पावलं आली आणि दारापाशी थांबली. मागची त्यांच्या मागे थांबली. त्यांच्याही मागे. अमृता कान लावून उभी होती. कुणी दार ठोठावलं नाही. कुणी ढकललं नाही. पलीकडे पुष्कळ माणसं दाटीवाटीने उभी आहेत आणि एकमेकांना धक्का लागू नये म्हणून जपत आहेत, एवढंच कळत होतं. एक मूल किरकिरलं, त्याला कुणी तरी थोपटलं. मग दाराजवळच्या एका बाईने तेलुगूत, अगदी अदबीने विचारलं, आतच थांबायचं ना? तोच प्रश्न मागे कुणीतरी दुसऱ्या भाषेत पोहोचवला, त्याच्या मागे आणखी कुणी, असा तो खाली, खाली, जिन्याला नसलेल्या वळणांपर्यंत गेला. आणि तिथून उत्तराची वाट पाहत सगळे गप्प राहिले.

दाराच्या फटीतून पाणी आलं. थोडंसंच. अमृताच्या बोटांना लागलं. कोमट होतं.

तिच्या लॅपटॉपमध्ये तिने स्वतः लिहिलेलं एक वाक्य होतं, तिला फार आवडणारं. आत थांबा म्हणणारा जितका दोषी, तितकाच त्यांच्यावर दार बंद करणारा. तिने आपला हात पाहिला. तो अजून कडीवरच होता.

तिने कडी काढली.

जे दिसलं ते क्षणभरच. दारातून दिव्याचा उजेड पहिल्या दोन पायऱ्यांवर पडला होता आणि त्या कोरड्या होत्या. त्याच्या खाली अंधार तिरका उभा होता, ग्लासातल्या पाण्यासारखा. त्या अंधारात भिंतीला धरून एक रांग. नारिंगी जॅकिटं. ओले केस. चेहरे दिसले नाहीत, कारण एकही माणूस वर पाहत नव्हता. सगळे मान वळवून मागे पाहत होते, रांगेच्या शेवटाकडे, जिथे खूप खोलवर एक हात उचललेला होता. तळवा वर, बोटं जुळलेली: आधी तुम्ही, तुम्ही बसा, माझं काय, मी आहेच. तो हात अमृताने लग्नांच्या पंगतीत लहानपणापासून पाहिला होता.

काय म्हणायचं ते तिने ठरवलं नव्हतं. वडीलधारी माणसं दारात आली की घरच्या लेकीच्या तोंडून जे निघतं, ते तिच्या तोंडून निघालं.

"या," ती म्हणाली.

मागे आत्याने स्टुलावरचा पिवळा रुमाल उचलला.

६

सकाळी तिला जाग आली ती सतरंजीवर. इतकी गाढ झोप तिला किती वर्षांत लागली नव्हती. रात्रीचं काय काय आठवत होतं ते मोजायला गेलं की निसटत होतं. कुणाच्या तरी पाठीवरून टॉवेल फिरवल्याचं आठवत होतं, पाठ आठवत नव्हती. वीज गेली होती, ती स्वतःला म्हणाली. अंधारात माणूस काहीही पाहतो. मग गॅलरीत गेली. दोरी भरली होती. तिच्या स्वतःच्या बॅगेतला, विलायतेहून आणलेला करडा टॉवेलही टोकाला लटकत होता, ठिबकत.

खुंटीवर पिशवी होती. आत्या ओट्यापाशी होती, चहा गाळत, जिवंत, गुणगुणत. आज नाही, एवढं अमृताला कळलं. अजून रांग मोठी आहे.

भगवंतरावांचा फोन आला. त्यांनी विचारलं, शब्द निघाला का. ती म्हणाली, नाही. आणि निघणारही नाही. ते म्हणाले, दावा पडेल, बाई. त्या चौकशीवाल्यांना तू काय सांगणार आहेस?

तिने लॅपटॉप उघडला. चौकशी सुरू व्हायला अवकाश होता. जबानीचं पहिलं वाक्य तिने पुन्हा वाचलं. 'मरण पावले' हे शब्द तिने खोडले आणि त्यांच्या जागी लिहिलं: 'यायचे आहेत'. इंग्रजीत ते कसं होईल याचा तिने विचार केला आणि सोडून दिला. दावा उभा राहिला नाही तर पुन्हा करता येईल. दुसरा, तिसरा. आत्या कर्ण्यावरची सूचना शब्दन्‌शब्द सांगेल, खोकल्यासकट, आणि ज्यांनी ऐकायचं ते ऐकतील. पण दार लावायचं नाही.

"तयार राहा, आत्या. दुकानं उघडली असतील," ती म्हणाली. "मी सुलतान बाजारात जाऊन येते. टॉवेल कमी पडतात."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"आणि दुपारी बर्कतपुऱ्याहून माझी बॅग आणते. इथेच राहीन म्हणते."

"हौ, राहा की."

अमृताने चपला चढवल्या. दाराशी वळून म्हणाली, "येते."

"ये," आत्या म्हणाली. मग जिन्याकडे पाहत, जरा मोठ्याने, "हिला एकटीलाच म्हणतेय हं."

अमृता जिना उतरू लागली. कठड्याच्या बाजूने उतरली. भिंतीकडची बाजू तिने मोकळी सोडली.